आधी हाड मोडलं, मग मी पडले

मी घसरून पडले नाही. पडले हे खरं, पण नंतर. आधी माझ्या मांडीचं हाड मोडलं आणि ते मोडलं म्हणून मी पडले. एवढीशी गोष्ट लोकांच्या गळी उतरवायला मला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी ग्वाल्हेरच्या एका मोठ्या इस्पितळात पाय बांधून उताणी पडून होते. इस्पितळाचं नाव लिहीत नाही. तिथे चूक झाली, आणि ती सुधारलीही तिथेच.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मराठी शाळेत. वय चौऱ्याहत्तर. आजाराची शास्त्रातली माहिती माझ्याकडे मागू नये. ती डॉक्टर देतील. माझ्यासारखं ज्यांचं होईल त्यांनी इस्पितळात तोंड मिटून राहू नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

मांडी

मी माधवगंजात राहते. वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा उदय हैदराबादला, त्याची बायको तिथेच नोकरी करते. दर्पण कॉलनीत माझ्या दिराचा मुलगा आहे, संजू. खाली मुन्नीचं बांगड्यांचं दुकान. ती भिंडकडची. आमचं बोलणं हिंदीत, आणि भांडणही.

दुखणं श्रावणात सुरू झालं. उजव्या मांडीत, मधोमध, खोल. गुडघेदुखी मला ठाऊक आहे, वीस वर्षांची सोबत आहे तिची. गुडघा चालताना कुरकुरतो आणि बसलं की गप्प राहतो. हे उलटं होतं. आडवी झाले की सुरू. बोट ठेवून दाखवता येत नव्हतं, कारण ते कातडीत नव्हतं आणि मांसातही नव्हतं.

उदयला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, वय झालं, कॅल्शियम घेत जा. संजूने मलमाची ट्यूब आणून दिली. मालिशवाली पंधरा दिवस येऊन अंगठ्याने मांडी दाबून गेली आणि नस चढली आहे म्हणाली. जिना चढताना धाप लागायची, चोळ्या सैल झाल्या होत्या. तेही मी वयाच्याच खात्यात टाकलं.

यात माझी चूक आहे ती लिहून टाकते. मी उदयला सांगताना दर वेळी ‘जरा’ दुखतंय म्हणत होते. जरा नव्हतं. पण लांबच्या मुलाला खरं सांगितलं तर तो दोनच गोष्टी करू शकतो, येतो किंवा येत नाही. यापैकी कोणती करेल हे मला बघायचं नव्हतं.

चंपाषष्ठी

आमच्याकडे खंडोबाचा कुलाचार आहे. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगे, आणि स्वयंपाक सोवळ्यात. आदल्या दिवशी धुतलेलं लुगडं कुणाचा हात लागणार नाही अशा उंच दांडीवर काठीने वाळत घालायचं आणि सकाळी नेसायचं. आता मार्गशीर्षात ग्वाल्हेरला धुकं असं पडतं की दोन दोन दिवस कपडा वाळत नाही. मग ओलंच नेसायचं. त्याला आम्ही ओलेतं म्हणतो. संजू दर वर्षी म्हणायचा, काकू, खंडोबाला निमोनिया चालतो का? मी दर वर्षी त्याला जेवायला वाढून गप्प करायचे.

त्या सकाळी लुगडं ओलं होतं. त्याचं पाणी फरशीवर ठिबकलं होतं, हेही खरं. मी ओट्यापाशी उभी होते. भाजलेलं वांगं सांडशीत धरून ताटलीत ठेवायला वळले. नुसती वळले. पाय जागच्या जागी होते. आणि उजव्या मांडीत कट् झालं. उसाचं कांडं गुडघ्यावर मोडताना होतो तसा आवाज. तो मी कानाने ऐकला आणि दातांतही ऐकला.

त्यानंतरचं मला नीट आठवतं. मी डाव्या पायावर होते. वांगं ताटलीत ठेवलं. सांडशी ठेवली. गॅस बंद केला. ओट्याची कड धरली, आणि मग उजवा पाय अंगाखाली नव्हताच. खाली बसल्यासारखी पडले.

हाका मारल्या. मुन्नी धावत जिना चढली आणि दाराच्या उंबऱ्यावर थांबली. मागच्या वर्षी मी सोवळ्यात असताना तिने मिठाचा डबा मागायला आत पाय टाकला होता तर मी तिला नको ते बोलले होते. ते ती विसरली नव्हती.

“अम्मा,” ती म्हणाली, “छू लें?”

माझा पाय मांडीतून भलतीकडे वळला होता आणि ती परवानगी मागत होती. मी हो म्हणाले. सोवळं तिथेच संपलं. पुढे इस्पितळात तर भांडं द्यायलाही परके हात होते. त्याचं जेवढं वाईट वाटेल असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं, तेवढं काही वाटलं नाही.

कागदावर काय गेलं

संजू गाडी घेऊन आला. त्याने आत येऊन तीन गोष्टी पाहिल्या: ओलं लुगडं, ओली फरशी, खाली पडलेली काकू. त्याला आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. इस्पितळात मला गाडीवरून आत ढकलत नेलं आणि टेबलापाशी बसलेल्या डॉक्टरने विचारलं, काय झालं? विचारलं ते संजूला. संजूने सांगितलं, गीली साड़ी पहनकर खाना बना रही थीं, फिसल गईं. डॉक्टरने लिहिलं. मी दोन हातांच्या अंतरावर होते, शुद्धीत होते. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. आमच्याकडे इस्पितळात बाईची हकीकत पुरुषाने सांगायची असते. मीही माझ्या सासूबाईंच्या वेळी गप्प उभी होते आणि मालक बोलत होते.

फोटो काढला. मांडीचं हाड मधोमध मोडलं होतं. पायाला पट्टी बांधून पलंगाच्या टोकाशी वजन लटकवलं. ऑपरेशन करून हाडात सळई घालायची ठरली.

संध्याकाळी उदयचा फोन आला. संजूने माझ्या कानाला लावला. उदय म्हणाला, “आई, किती वर्षं सांगतोय, सोड ते ओलेतं. शेवटी भोवलंच ना?”

मी म्हणाले, “उदय, मी घसरले नाही. हाड आधी मोडलं.”

“बरं,” तो म्हणाला, “आता आराम कर.”

‘बरं’ कसं म्हणतात त्यावरून कळतं. लहानपणी तो ताप आल्यावर भिंतीवर माकड दिसतं म्हणायचा, तेव्हा मीही त्याला असंच बरं म्हणायचे.

वॉर्ड

सकाळी साफसफाई, मग चहा, मग राउंड. राउंडला मोठे डॉक्टर पुढे आणि सात-आठ लहान डॉक्टर मागे. प्रत्येक पलंगाशी मिनिटभर. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या डॉक्टरांना हिंदीत सांगितलं की मी घसरले नाही. ते हसले. वाईट हसले नाहीत. म्हणाले, “माताजी, इस उम्र में सब यही कहते हैं.” आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

शेजारच्या पलंगावर मुरार भागातली एक बाई होती. तिच्याभोवती सहा माणसं असायची. एक जेवायला घाली, एक पाय चेपी, दोघं आपसांत भांडत. मला त्या भांडणाचा हेवा वाटला. माझ्याशी दिवसभरात जे बोलणं व्हायचं ते एवढंच: सुई, गोळी, भांडं, लघवी झाली का. संजू सकाळी आपल्या दुकानाला जाताना डोकावायचा. उभ्यानेच. मुन्नी दुपारी दुकान बंद करून यायची, डब्यातली खिचडी भरवायची आणि माझे केस विंचरायची. उताण्या माणसाचे केस मागून गुंततात, हे ती न सांगता ओळखायची.

भीती मरणाची नव्हती. माझ्या डोक्यात दुसरंच बसलं होतं. नुसतं वळल्याने ज्या बाईचं हाड मोडतं, तिच्या हाडात काहीतरी आहे. हे समजायला चौथीच्या पुढे शिकावं लागत नाही. चांगल्या लाकडाची फळी अशी मोडत नाही, वाळवी लागलेली मोडते. हे लोक सळई घालतील, टाके घालतील, घरी पाठवतील, आणि आतलं जे आहे ते आतच राहील. कारण कागदावर कारण आधीच लिहून झालं होतं. एकदा कारण सापडलं की कुणी दुसरं शोधत नाही.

मुन्नीला सांगितलं. ती म्हणाली, बैंगन तो प्लेट में रखा था अम्मा, हमने ही उठाया. गैस भी बंद थी. तिने ते पाहिलं होतं, पण तिला विचारलं कुणी?

सही

चौथ्या दिवशी एक लहान डॉक्टरीण ऑपरेशनच्या परवानगीचा कागद घेऊन आली. असेल पंचवीस-सव्वीसची. डोळ्यांखाली काळं, केसांत पेन खोचलेलं. दुसऱ्या दिवशी माझा नंबर होता. संजू सोबत होता. तो म्हणाला, काकू, इथे सही करा.

मी विचारलं, वर काय लिहिलं आहे? कागद इंग्रजीत होता. तिने सांगितलं, इसमें लिखा है कि आप ऑपरेशन के लिए राज़ी हैं. मी म्हणाले, ते नाही. माझ्या फाइलीत पहिल्या पानावर, हाड कसं मोडलं, ते काय लिहिलं आहे? तिने पान उलटून वाचलं, हिंदी करून सांगितलं: ओल्या फरशीवर पाय घसरून पडल्या.

“ये गलत है,” मी म्हणाले. “पहले ये ठीक करो, फिर दस्तख़त.”

संजूचा चेहरा लाल झाला. तो मराठीत बोलू लागला, म्हणजे तिला कळू नये. “काकू, चार लोकांत तमाशा करू नका. घसरलात काय आणि न घसरलात काय, हाड मोडलंय ना? उद्याचा नंबर जाईल. मी दुकान बंद ठेवून उभा आहे इथे.”

“जाऊ दे नंबर.”

“मग बसा असंच पाय टांगून,” तो म्हणाला आणि गेला. डॉक्टरिणीला तिकडून कुणी हाक मारली. तीही कागद घेऊन गेली.

नंबर गेला. पुढचे तीन दिवस कसे गेले ते फार लिहीत नाही. संजू आला नाही. उदयचा फोन आला तो ओरडायलाच. वॉर्डभर झालं की बारा नंबरची म्हातारी सही करत नाही, डोकं फिरलंय. मुरारच्या बाईची सून मला समजवायला आली, अम्माजी, ज़िद अच्छी नहीं. पाठीला खाली घाम, टाचेला वजन. दोनदा मनात आलं की करून टाकावी सही. लोकांना हवं ते कबूल करून निदान घरी तरी जावं. मी गप्प राहिले ते धीराने नाही. सही मागायला कुणी परत आलंच नाही, हेही एक कारण आहे.

स्टुलावर

सातव्या दिवशी दुपारी ती डॉक्टरीण परत आली. ड्यूटी संपली होती, पिशवी खांद्यावर होती. तिने स्टूल ओढलं आणि बसली. सात दिवसांत माझ्या पलंगाशी बसलेली ती पहिली डॉक्टर. केसांतलं पेन काढलं.

“अच्छा अम्मा, शुरू से बताइए. पहले क्या हुआ?”

मी सांगितलं. ती मधे मधे विचारायची. हातात काय होतं? ते कुठे गेलं? आवाज पडायच्या आधी आला की पडल्यावर? आधी तिथे दुखत होतं का, किती महिने, आडवं झाल्यावर की चालताना? वजन कमी झालं का? ‘जरा’ न लावता मी सगळं सांगितलं. मुन्नी तेव्हा डबा घेऊन आलेली होती. वांग्याचं आणि गॅसचं तिने सांगितलं.

डॉक्टरीण लिहायची थांबली. म्हणाली, फिसलने वाला आदमी गैस बंद करके नहीं फिसलता. आणि उठून माझ्या हाडाचा फोटो पाकिटातून काढून खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ पाहत होती. मग मलाही दाखवला. मोडल्या जागी हाडाची कड कुरतडल्यासारखी होती, आणि आसपास काळसर डाग होता. मला त्यातलं काही कळत नाही, पण उंदराने कुरतडलेलं मला कळतं.

तिने जुनी ओळ खोडली, बाजूला सही केली, खाली नवं लिहिलं आणि काय लिहिलं ते मला हिंदीत वाचून दाखवलं. साडेतीन-चार महिने मांडीत दुखणं, आडवं झाल्यावर जास्त. उभ्याने वळताना हाड मोडलं, त्यानंतर पडल्या. मी म्हणाले, अब ठीक है.

मी रडले नाही. ती गेल्यावर खिचडी मात्र पूर्ण संपवली.

दुसऱ्या दिवशी राउंडला मोठे डॉक्टर माझ्या पलंगाशी मिनिटभराहून जास्त थांबले. फाइल वाचली, फोटो पाहिला. माझ्याकडे पाहून म्हणाले, माताजी, आपने ठीक कहा था. हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, याचं मला कौतुक आहे. मग रक्त, लघवी, बाकी हाडांचे फोटो. डोक्याच्या हाडातही बारीक बारीक भोकं निघाली. सळई घालताना मोडल्या जागेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. ती ओळ बदलली नसती तर तो तुकडा कचऱ्याच्या बादलीत गेला असता. हे माझं म्हणणं नाही, डॉक्टरिणीचं आहे.

निकाल

तपासणीचा निकाल आला तेव्हा उदय आलेला होता. डॉक्टरांनी त्याला आणि संजूला बाहेर बोलावलं. मी आतून हाक मारली की जे काय आहे ते इथे येऊन सांगा, हाड माझं आहे. मोठे डॉक्टर आत आले. हाडांच्या आत जी मज्जा असते तिचा कर्करोग. मायलोमा म्हणतात. तो हाड आतून पोखरतो. पूर्ण जात नाही, पण औषधाने दबतो, आणि माझ्या वयाला दबला तरी पुष्कळ.

मी खरी ठरले होते. खरं ठरल्यावर बरं वाटेल असं मला सात दिवस वाटत होतं. तसं काही झालं नाही. संजू खाली मान घालून उभा होता. उदय खिडकीकडे बघत होता. मी दोघांना म्हणाले, जा, चहा पिऊन या. ते गेले आणि मी एकटीच त्या शब्दाबरोबर राहिले.

घरी आल्यावर उदय पंधरा दिवस राहिला. वॉकर, उंच खुर्ची, भांडी घासायला बाई, सगळं त्याने केलं. एका सकाळी मी पलंगावर होते आणि तो बाहेरच्या खोलीत नागपूरच्या मामांशी फोनवर बोलत होता. दार उघडंच होतं. “काही नाही हो मामा, सोवळ्यात पाय घसरला. हाड मोडलं. आता बरी आहे.”

मी त्याला आत बोलावलं. विचारलं, असं का सांगितलंस?

तो म्हणाला, कॅन्सर म्हटलं की दहा प्रश्न येतात. मी म्हणाले, रोगाचं नाव नको सांगूस, पण मी घसरले हे का सांगतोस? तो माझ्या गोळ्यांचा डबा आवरू लागला. तेव्हा मला समजलं. मी घसरले असेन तर ते माझ्या ओलेत्यामुळे. हाड आपोआप मोडलं असेल, तर मी चार महिने फोनवर सांगत होते आणि त्याने ऐकलं नव्हतं.

मी त्याला म्हणाले, “तुझ्यामुळे नाही मोडलं. पण मी सांगत होते हे खरं आहे. आणि जरा जरा म्हणून अर्धंच सांगत होते, हेही खरं आहे. दोन्ही राहू दे.”

तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला. माझ्या पायाला हात लावला नाही. लावला असता तर मला आवडलं असतं.

आता

आठवड्यातून एकदा पोटात सुई, गोळ्या रोज. वॉकर धरून ओट्यापर्यंत जाते. मुन्नी आता उंबऱ्यावर थांबत नाही आणि मीही विचारत नाही की अंघोळ केलीस का. दिवस लांब असतात. घरात माझ्या वॉकरशिवाय आवाज नसतो.

लिहायचं होतं ते एवढंच. हाड दुखत असेल तर कधीपासून, कुठे, कशाने, हे सांगा आणि त्याच्या आधी ‘जरा’ लावू नका. तुमच्या वतीने दुसरा बोलत असेल तर त्याला थांबवा. कागदावर काय गेलं ते वाचून घ्या. लोक हट्टी म्हणतील. म्हणू देत.

उदय आता रोज दुपारी फोन करतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का. मागच्या मंगळवारी त्याने विचारलं, काही दुखतंय का? चार दिवस डाव्या बरगडीखाली दुखत होतं. मी हे कुणाला बोलले नव्हते. सांगितलं तर त्याला रजा काढावी लागणार, तिकडे सूनबाईचीही नोकरी, त्यांची ओढाताण मला माहीत आहे. तोंडात ‘नाही’ आलं होतं.

“दुखतंय,” मी म्हणाले. “डावीकडे, बरगडीखाली. शुक्रवारपासून. आडवी झाले की जास्त.”

पलीकडे खण ओढल्याचा आवाज आला.

“थांब आई,” उदय म्हणाला. “लिहून घेतो.”